भाकरी थापता थापता एकशे बारावं मूलद्रव्य

परभणीजवळच्या झरी गावात आमच्या सैपाकघराच्या भिंतीवर दोन कागद आहेत. एक कॅलेंडर, त्यावर मी दुधाचे खाडे लिहिते. दुसरा मूलद्रव्यांचा तक्ता. सोनं, लोखंड, पारा, गंधक, माणसाला ठाऊक असलेली सगळी मूलद्रव्यं त्यात चौकटी-चौकटीनं मांडलेली आहेत. वर डाव्या कोपऱ्यात हायड्रोजन, खाली उजवीकडं एकशे अठरा नंबर. तक्त्याची एक कड पिठानं पांढरी झालीय, कारण तो भाकरीच्या परातीला अगदी लागून आहे. आल्यागेल्याला वाटतं घरात शाळेतलं पोर असेल. पोर कुणी नाही. तो तक्ता माझ्या सुनेचा आहे, आणि आता थोडा माझाही.

माझं शिक्षण विचाराल तर चौथी. पुढचं सगळं मी इकडून तिकडून उचललेलं. किराणा बांधून आलेला कागद मी वाचल्याशिवाय चुलीत घातला नाही. मुलगा दहावीला होता तेव्हा त्याच्या विज्ञानाच्या पुस्तकाचा कंटाळा त्याला यायचा आणि ओढ मला असायची. तो पुढं पुण्याला कंपनीत लागला, पुस्तक माझ्याकडं राहिलं. त्यातलं निम्मं मला कळलं नव्हतं. कळवून सांगणारं माणूस घरात सून होऊन येईल, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

सुनेचं माहेर देवगाव फाट्याकडचं. मुलाची नोकरी फिरतीची, म्हणून दोघांनी ठरवलं की हिचं एम.एस्सी. होईपर्यंत हिनं आमच्याकडं राहायचं आणि रोज एस.टी.नं परभणीला कॉलेजात जायचं. पोरगी हुशार. अक्षर मोत्यासारखं, पेपरात कधी मागं नाही. पण चार माणसांपुढं उभं केलं की जीभ टाळूला चिकटायची. त्यांच्याकडं एक सेमिनार असतो. म्हणजे एक विषय घ्यायचा, अभ्यास करायचा आणि सगळ्या वर्गासमोर, बाहेरून आलेल्या सरांसमोर, तो तोंडानं समजावून सांगायचा. पहिल्या खेपेला ही उभी राहिली, तोंड उघडलं, आणि आवाजच आला नाही. तशीच खाली बसली. त्यात तिचं वर्ष गेलं. पुन्हा तसंच झालं तर पदवी तशीच राहणार होती, हे तिलाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

दुसऱ्या खेपेला विषय चिठ्ठ्या टाकून वाटले. हिच्या वाट्याला आलं अतिजड मूलद्रव्यांचं रसायन. म्हणजे तक्त्याच्या सगळ्यात खालच्या ओळीतली, शंभराच्या पुढची. संध्याकाळी एस.टी.तून उतरून आली ती दारातच बसली, चपला पायात तशाच.

"आत्या, ह्याला तर कुणी डोळ्यानं बघितलेलं न्हाई," ती मला म्हणाली; आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. "मी काय सांगू?"

मी म्हणाले, चहा पी आधी.

मग आमचे प्रयोग सुरू झाले. तिला आरशापुढं उभी केली. आरशातल्या स्वतःलाच ती लाजली. आमच्या मालकांनी परीक्षक व्हायचं कबूल केलं. चष्मा लावून, टोपी नीट करून ओसरीवर खुर्चीत बसले आणि तोंड असं गंभीर केलं की सून तर सूनच, मीसुद्धा घाबरले. ती म्हणाली, "आदरणीय परीक्षक महोदय..." आणि तिथंच थांबली. मालक म्हणाले, "मंग? पुढं?" बास, ती आत पळाली. मालकांना वाईट वाटलं. "मी तर एवढंच म्हणलो," म्हणत ते दिवसभर हिंडले.

एका सकाळी ती भाकरी थापत होती आणि मी शेजारी लसूण सोलत होते. सहज म्हणाले, ही खालच्या ओळीतली मूलद्रव्यं मिळतात तरी कुठं, कोणत्या खाणीत? ती म्हणाली खाणीत नाही, माणूस बनवतो. आणि बोलायला लागली. एक हलका अणू लय वेगानं दुसऱ्या जड अणूवर नेऊन आदळायचा. हजारदा, लाखदा आदळायचा, तेव्हा कधीतरी दोघं एकजीव होतात आणि एक नवा जड अणू तयार होतो. तो जगतो काही सेकंद, कधी तेवढाही नाही. हात परातीत, डोळे पिठावर, आणि तोंड चाललेलं. पीठ संपेपर्यंत थांबली नाही. शेवटची भाकरी तव्यावर टाकून तिनं हात धुतले आणि पुन्हा गप्प झाली.

माझ्या लक्षात आलं. आमच्याकडच्या बायकांचं असंच असतं बघा. समोरासमोर बसवून विचारलं तर बाई सांगत नाही, पण सोबत शेंगा फोडायला बसा, वाती वळायला बसा, आपोआप मन मोकळं होतं. हात कामात गुंतले की तोंडावरचा पहारा उठतो. मी तिला काही बोलले नाही. मालकांना सांगून तिचा ओसरीवरचा तक्ता काढला आणि परातीच्या वर ठोकून घेतला. आणि रोज सकाळी पीठ भिजवलं की माझा एक प्रश्न तयार असायचा.

आता रोज एवढं बोलायचं म्हणजे भाकरी जास्त व्हायच्या. मालक म्हणाले, तुमच्या अणूपायी ज्वारी सरायलीय. उरलेल्या भाकरी शेजारच्या म्हशीला जायच्या. शेजारीण म्हणाली, तुमच्याकडं पाव्हणे आलेत का? मी म्हणाले, हो, आलेत, पण फार वेळ राहत नाहीत.

मला पहिली गोष्ट कळली ती उभ्या ओळीची. तक्त्यात एकाखाली एक उभी जी असतात, ती एका भावकीतली. वरच्याचे गुण खालच्यात उतरतात. म्हणून न बघितलेल्या मूलद्रव्याबद्दलही अंदाज बांधता येतो. सोयरीक करताना आपण काय करतो? पोरगी बघायच्या आधी घराणं बघतो. मी तसं म्हणाले तर सून हसली. "आत्या, इथंच तर गंमत हाय. लय खाली गेलं की भावकीतला एखादा येगळाच निघायलाय. म्हणून तर माणसं एवढा खटाटोप करायलेत."

वेगळा का निघतो, तेही तिनं सांगितलं. अणू जितका जड, तितकी त्याच्या मधल्या गाभ्याची ओढ जास्त. त्या ओढीनं जवळचे इलेक्ट्रॉन भयंकर वेगानं पळतात, आणि पळता पळता आणखी आत ओढले जातात. जे बाहेर येऊन दुसऱ्याशी हात मिळवणार, तेच आत घट्ट बसून राहतात. मग तो अणू भावकीसारखा वागत नाही. अलिप्त राहतो. मी म्हणाले, म्हणजे तुझ्यासारखा. ती म्हणाली, "हो, माझ्यासारखा," आणि भाकरी उलटली. स्वतःच्या गप्प बसण्यावर ती हसली, ते मी पहिल्यांदा बघितलं.

मग एक दिवस मी तिला अडवलं. अडवायचं मनात नव्हतं, मला खरंच कळत नव्हतं. मी म्हणाले, एका दाण्यावरून भाकरी कशी होईल ते मला सांगता येत नाही. मूठभर तरी ज्वारी लागते, दळावी लागते. तुझ्याकडं एक अणू, तोही दोन घटका टिकत नाही. त्याचा स्वभाव कळतो कसा?

तिचे हात थांबले. त्या दिवशी भाकरीही जरा जाडच झाल्या. दोन-चार दिवस ती कॉलेजातल्या वाचनालयात बसत होती, उशिराच्या गाडीनं यायची. आणि मग एका सकाळी पीठ भिजवायच्या आधीच म्हणाली, "बसा आत्या, सापडलं."

तिनं सांगितलं ते असं. एक बारीक बोळ, म्हणजे नळीच म्हणा, तयार करतात. त्याला आतून सोन्याचा पातळ थर देतात. बोळाचं एक तोंड उबदार, दुसरं टोक थंडगार. वायूच्या झोताबरोबर तो एकटा अणू उबेच्या बाजूनं आत सोडायचा. ज्याला सोन्याची ओढ आहे तो तिथंच, दारातच चिकटतो. ज्याला ओढ नाही तो पुढं पुढं जातो आणि पार शेवटी, गारठला की बसतो. जिथं बसला तिथंच तो मरतो, आणि मरताना जे बाहेर टाकतो ते यंत्र टिपतं. कुठं मेला त्यावरून कळलं की सोन्याशी त्याचं नातं किती. मला हे फार आवडलं. एवढंसं आयुष्य, आणि त्याला विचारलेला प्रश्न एकच, की तू कुठं थांबलास.

"एकशे बारा नंबरचं घ्या," ती तक्त्याकडं पिठाचं बोट करून म्हणाली. "त्याच्या डोक्यावर कोण हाय? पारा. म्हणून आधी पारा सोडून बघतात. पारा तर सोन्याला बघता बघता धरतो. सोनं पांढरं पाडतो."

माझ्या हातातली लसणाची पाकळी खाली पडली. मी म्हणाले, काय म्हणालीस? सोन्याचं काय होतं?

आता इथं मला मागचं सांगावं लागेल, त्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही.

माझ्या लग्नात माझ्या बापानं मला एकदाणी घातली होती. सोन्याच्या गोल मण्यांची एकपदरी माळ. माझं माहेर पालमजवळचं, कोरडवाहू शेती, पण त्यानं पालमच्या सोनाराकडून ती हौसेनं घडवून घेतली होती. लग्नानंतर दिवाळी झाली आणि आम्ही सगळे ऊसतोडीला निघालो. घराला कुलूप. सोनं कुठं ठेवायचं? माझी सासू डोक्यानं तेज. ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीत किडे होऊ नयेत म्हणून दुकानातून आणलेल्या काळ्या टिकड्या फडक्यात बांधून ठेवायची आमच्याकडं पद्धत. सासू म्हणाली, चोर कोठीत हात घालील, पण टिकड्यांचं गाठोडं कोण सोडतंय? तिनं माझी एकदाणी त्याच फडक्यात, टिकड्यांबरोबर बांधली आणि ज्वारीत खोल पुरली. त्या काळात घरोघरी सोनं धान्यातच असायचं, पण टिकड्यांच्या गाठीत बांधायची हुशारी तिचीच.

उसाचा हंगाम संपवून आलो. गाठ सोडली, तर मणी पांढरे. चांदीसारखेही नाहीत, राख फासल्यासारखे. सासूनं ते उजेडात नेले, पदरानं घासले, आणि मला एकच वाक्य म्हणाली: "सोनं कधी पांढरं पडतं का गं?"

म्हणजे माझ्या बापानं खोटं घातलं. बापाला निरोप गेला. तो आला, मणी हातावर घेऊन बघत राहिला. तकरार केली नाही. आमच्या मालकांना घेऊन तो तसाच पालमला गेला. सोनारानं मणी विस्तवावर धरले आणि ते पुन्हा पिवळे झाले. सोनार म्हणाला, ह्याला पारा लागलाय, तुमच्या घरात पारा कुठून आला? आमच्या घरात पारा कुणी बघितलेलाही नव्हता. मालकांनी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, सोनार त्यांच्याच गावाकडचा, मुलामा मारून दिला असेल. मालक तेव्हा विशीतले, आईपुढं गप्प बसले.

माझी सासू वाईट नव्हती, हे मी मुद्दाम लिहिते. माझी बाळंतपणं तिनं पोटच्या लेकीसारखी केली. पण तो शक तिच्या मनातून गेला नाही. आणि माझा बाप त्यानंतर आमच्या घरी जेवला नाही. यायचा, नातवाला मांडीवर घ्यायचा, पाणी प्यायचा, आणि गाडी चुकेल म्हणून उठायचा. तो वारला तोपर्यंत असंच.

हे मी सुनेला सांगत होते तेव्हा मालक दारात येऊन उभे राहिलेले मला दिसलेच नाहीत. सुनेनं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, कोणत्या टिकड्या? मी कोठीकडं हात केला. आजही तशाच टिकड्या तिथं होत्या.

ती म्हणाली, "आत्या, त्यांच्यात पाराच असतो."

मला आधी पटेना. पारा तर चकचकीत, पळणारा. ती म्हणाली, दुसऱ्या भुकटीत खलून खलून तो असा बारीक मुरवतात की दिसत नाही, नुसता काळा रंग दिसतो. पण असतो पाराच, आणि त्याच्या वाफेनं किडे मरतात. सोनं त्याच गाठीत होतं, त्याला बिलगून. तुमच्या वडिलांचं सोनं चांगलं होतं म्हणूनच पाऱ्यानं त्याला धरलं.

मी तक्त्याकडं बघितलं. एकोणऐंशी नंबर सोनं, ऐंशी नंबर पारा. दोघं शेजारी शेजारी. एवढे महिने माझ्या डोळ्यापुढं, परातीच्या वर, लसूण सोलताना रोज बघत होते मी.

मालक दारातून म्हणाले, "तुझ्या बापाला हात धरून जेवायला बसवायला पायजे होतं मी." आणि बाहेर निघून गेले. बराच वेळ अंगणातून झाडल्याचा आवाज येत होता. सुनेनं त्याच दिवशी टिकड्या कोठीतून काढल्या, हाताला पिशवी बांधून. धान्यात ते विष नको म्हणाली. सोनं विस्तवावर धरणंही धोक्याचं, ती वाफ माणसाच्या पोटात जाते. आता आम्ही कडुलिंबाचा वाळलेला पाला घालतो.

मग सेमिनारचा दिवस आला. तिनं सरांना विचारून घेतलं होतं, घरचं कुणी मागं बसलं तर चालेल का. सर म्हणाले चालेल. आम्ही दोघी सकाळच्या गाडीनं परभणीला गेलो. मी इरकली लुगडं नेसले होते आणि गळ्यात एकदाणी घातली होती. मागच्या बाकावर बसले. वर्गात पोरं-पोरी, पुढं बाहेरून आलेले एक सर आणि एक बाई. भिंतीवर तोच तक्ता, फक्त पिठाशिवाय.

ती पुढं गेली. फळ्यापाशी उभी राहिली. आणि गप्प.

मी पदर तोंडाला लावला. बाहेरून आलेल्या बाई चांगल्या होत्या, म्हणाल्या, सावकाश सांगा. तरी ती गप्प. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मी काही करू शकत नव्हते. खूण करावी तर तिला अजून लाज वाटणार. मी नुसती तिच्या हातांकडं बघत बसले. आणि मला दिसलं की तिचा उजवा हात टेबलाच्या कडेवर हलायलाय. आधी जरासा. मग डावा हात पुढं आला. बोटं पसरली, तळवा टेकला, उचलला, फिरवला. ती भाकरी थापत होती. पीठ नाही, परात नाही, टेबलावर नुसती.

आणि तोंड उघडलं. "ही मूलद्रव्यं खाणीत सापडत नाहीत," तिनं सुरुवात केली, आणि आदरणीय परीक्षक महोदय वगैरे राहूनच गेलं. एकदा सुरू झाली ती झाली. आदळणारे अणू आले, पळणारे इलेक्ट्रॉन आले, सोन्याचा बोळ आला. बोलणं सगळं पुस्तकी, नीट, इंग्रजी शब्द भरपूर, मला निम्मं कळलं नाही. पण कुठं काय चाललंय ते मला तिच्या हातावरून कळत होतं. हात फिरला की नवा मुद्दा.

शेवटी बाहेरच्या सरांनी विचारलं, एकशे बारावं जर पाऱ्याच्या खाली आहे, तर ते पाऱ्यासारखंच सोन्याला चिकटतं का? तिनं माझ्याकडं बघितलं, म्हणजे माझ्या गळ्याकडं बघितलं. मग म्हणाली, चिकटतं, म्हणून ते त्याच भावकीतलं. पण पाऱ्याएवढं घट्ट नाही. उबेत थांबत नाही, पुढं थंडीत जाऊन बसतं. त्याला सोन्याची ओढ कमी आहे. 'भावकी' हा शब्द तिच्या तोंडून गेला आणि वर्गात हसू फुटलं. सरही हसले, पण मान डोलावत. पास झाली. किती गुण पडले ते तिनं सांगितलं होतं, मी विसरले. आवाज आला, एवढं मला पुरलं.

येताना एस.टी.त बसायला जागा मिळाली. मी तिला विचारलं, हात हलत होते ते तुला माहीत होतं का? ती म्हणाली, न्हाई. मग थोड्या वेळानं म्हणाली, "पण भाकरी जळू नये म्हणून लवकर लवकर बोलायलेय असं वाटत होतं." आम्ही दोघी हसलो. पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून बघितलं.

घरी आलो तर मालकांनी वांग्याची भाजी फोडणीला टाकून ठेवली होती. तिखट जास्त, मीठ कमी, पण टाकली होती. भाकरी मात्र तिलाच थापाव्या लागल्या. ती म्हणाली, आज मला कुणी काही विचारू नका. पाटावर भाकरीचा ढीग झाला तेव्हा मालक म्हणाले, आज सुनेचं ताट आधी वाढ. आमच्याकडं सून शेवटी जेवते ही रीत त्यांच्या आईपासूनची, त्यांनीच मोडली. मी तिचं ताट वाढलं. मग ते म्हणाले, आणखी एक वाढ.

कुणाचं, ते मला कळलं. मेलेल्या माणसाचं ताट सर्वपित्रीला वाढतात, असं आडदिवशी कुणी वाढत नाही. मी वाढलं. पहिली उतरलेली भाकरी, वांग्याची भाजी, चिमूटभर मीठ आणि कांदा. माझ्या बापाला कांदा लागायचा. मालकांनी ते ताट स्वतःच्या शेजारी ठेवलं, त्याला हात लावून नमस्कार केला, आणि मग आपल्या ताटातला पहिला घास घेतला.

सुनेनं दोन्ही ताटांकडं बघितलं, तक्त्याकडं बघितलं आणि जेवायला लागली. मीठ कमी आहे म्हणाली. मालकांनी मिठाची बरणी पुढं सरकवली.